११६ घोड्यांची गाडी, ४५० घोड्यांचा लगाम

एक छोटा हिशेब मांडू. चालकासकट १०५० किलो वजनाची एक गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने येते आहे. समोर हेअरपिन वळण आहे आणि त्यात शिरण्याआधी तिला ताशी ७० वर यायचं आहे. या दोन वेगांमधल्या गतिज ऊर्जेचा फरक काढला तर तो सुमारे ८ लाख ४० हजार ज्यूल भरतो. टायर चांगले असले आणि डांबर कोरडं असलं, तर हा वेग उतरायला अडीच सेकंद पुरतात. आता ऊर्जेला वेळेने भागा. उत्तर येतं ३३० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेचारशे अश्वशक्ती. हवेचा विरोध त्यातला थोडा वाटा उचलतो. बाकीचा सगळा भार ब्रेकवर.

आणि या गाडीचं इंजिन किती शक्तीचं? अवघ्या ११६ अश्वशक्तीचं.

मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा दशांशचिन्ह चुकलं असेल म्हणून पुन्हा करून पाहिला. चुकलं नव्हतं. जाहिरातीत ज्याचे आकडे मिरवतात, ज्याच्या आवाजावर लोक भाळतात, त्या इंजिनाच्या जवळजवळ चौपट शक्तीने काम करतात त्या चाकांच्या आत दडलेल्या लोखंडी चकत्या. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हौशी लोक आपली गाडी ट्रॅकवर नेतात, तेव्हा मात्र सगळ्यात आधी त्यांना यांच्याकडेच पाहावं लागतं.

हिशेबातली गाडी खरी आहे. माझ्दा कंपनीची मियाटा, १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहन प्रदर्शनात लोकांसमोर आलेली. दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, १६०० सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी, वजनाने हजार किलोच्या आत. तिच्या दहा वर्षं आधी बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनइची यामामोतो यांना सुचवलं होतं की ब्रिटिशांच्या हलक्या, स्वस्त स्पोर्ट्‌स कार आता संपत आल्या आहेत, तशी एक तुम्ही बनवा. ती बनली आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. आपल्याकडे माझ्दा हे नाव लोकांना ठाऊक आहे ते ‘स्वराज माझ्दा’च्या ट्रक आणि मिनीबसमुळे. अमेरिकेत मात्र हौशी ट्रॅकवाल्यांच्या गर्दीत मियाटा दिसली नाही असं सहसा होत नाही.

या हौशी मंडळींचा दिवस, म्हणजे त्यांचा ‘ट्रॅक डे’, कसा असतो ते थोडक्यात सांगतो. एखादा क्लब एखादा रेसट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतो. आपण मॉन्टेरेजवळचा लगूना सेका घेऊ. १९५७ मध्ये बांधलेला, ३.६ किलोमीटर लांबीचा, अकरा वळणांचा. सिलिकॉन व्हॅलीपासून मोटारने दीडेक तासाचं अंतर, तेव्हा तिथल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, मराठी कानावर पडलं तर नवल वाटायला नको. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने वीस-वीस मिनिटं ट्रॅक मिळतो. शर्यत नसते, बक्षीस नसतं. पुढच्या गाडीच्या चालकाने खिडकीतून हात काढून खूण केली तरच मागच्याने पुढे जायचं. संध्याकाळी त्याच गाडीत बसून घरी जायचं आणि सोमवारी तीच गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावायची.

इथेच खरी गंमत सुरू होते. रस्त्यावरची गाडी बनवणाऱ्या अभियंत्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: गाडीला अधूनमधून विश्रांती मिळणार. कितीही जोरात चालवा, सिग्नल येतो, ट्रक आडवा येतो, टोलनाका येतो. एकदा करकचून ब्रेक लावला की पुढची पाच मिनिटं चकत्यांना वारा खायला मिळतो. ट्रॅक ही विश्रांती काढून घेतो. लगूना सेकाची एक फेरी मियाटाला साधारण दोन मिनिटांची, तीत जोरदार ब्रेक सहा-सात वेळा. वीस मिनिटांत साठ-सत्तर वेळा. वर हिशेबात आलेले ८ लाख ४० हजार ज्यूल म्हणजे चहाचं अडीच लिटर पाणी थंडगार असताना उकळीपर्यंत आणणारी उष्णता. आणि ती अडीच सेकंदांत. पुढच्या दोन चकत्या मिळून आठ-नऊ किलो लोखंड धरलं आणि ब्रेकचं सत्तर टक्के काम त्या करतात असं मानलं, तर एका दणक्यात त्यांचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. ते उतरायच्या आत पुढचं वळण दारात.

म्हणून ट्रॅकसाठी गाडीत केलेले बहुतेक बदल वेग वाढवायला नसतातच. त्याच वेगाने चालताना गाडी विसाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखी वागावी, यासाठी ते असतात. बाहेरून पाहणाऱ्याला स्टिकर आणि स्पॉयलर दिसतात. गाडीखाली शिरून पाहिलं, तर ही सगळी उष्णतेशी चाललेली झुंज असते.

पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक पाडणारा बदल एका लहानशा बाटलीत मावतो. गॅरेजमध्ये आपण ज्याला ब्रेक ऑईल म्हणतो, ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांचं मिश्रण असतं. पॅडलवर पाय पडला की या द्रवातून दाब चाकापर्यंत पोहोचतो, कारण द्रव दबत नाही. पण चकतीवर घासून तापलेल्या पॅडमधली उष्णता कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनमधून मागे सरकते आणि त्या द्रवाला उकळी फुटली की बुडबुडे तयार होतात. वायू दबतो. मग पॅडल सरळ तळाला जाऊन टेकतं आणि गाडी थांबतच नाही. साध्या डॉट-३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. तोच द्रव पाणी शोषून जुना झाला की मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. रेसिंगसाठीचे खास द्रव ताजे असताना तीनशे अंशांच्याही पुढे टिकतात.

ब्रेकचा हा द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून पाणी मुरत राहतं. पहिल्यांदा ऐकताना हा दोष वाटतो. पाणी न शोषणारा द्रव का वापरत नाहीत? तर शोषून घेतलेलं पाणी सगळ्या द्रवात पसरून राहतं आणि उत्कलनबिंदू हळूहळू उतरतो. न शोषलं गेलेलं पाणी मात्र थेंबाथेंबाने खाली साचतं, नेमकं कॅलिपरमध्ये, सगळ्यात तापणाऱ्या जागी. तिथे ते शंभर अंशांच्या आसपासच उकळायला लागेल. कडाक्याच्या थंडीत गोठेल. लोखंडाला गंज चढवेल. दोष म्हणून पाहिलेली गोष्ट कोणीतरी विचार करून पत्करलेली निघते, तेव्हा मला त्या अनामिक रसायनतज्ज्ञाला नमस्कार करावासा वाटतो. ट्रॅकवाले मात्र या तडजोडीची किंमत मोजतात: ट्रॅक डेच्या आधी द्रव बदलायचा आणि जोडीदाराला पॅडल दाबायला बसवून एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायची.

पॅडचं प्रकरण निराळं. तिथे द्रव शाबूत असतो, पॅडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी पुढे घसरत राहते. रस्त्यावरचे पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यातली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि घर्षण पडतं. खंबाटकी किंवा आंबेनळी उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या गाडीमागून जो जळका वास येतो, तो हाच. ट्रॅकचे पॅड याच्या उलट स्वभावाचे. त्यांना तापल्याशिवाय जोर येत नाही. सकाळी गार असताना ते चिरक्या आवाजात ओरडतात आणि नीट पकडत नाहीत, म्हणून रस्त्यावर वापरायला ते तापदायकच. बरेच जण ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलतात आणि घरी निघताना परत जुने घालतात. मियाटाच्या पहिल्या मॉडेलच्या पुढच्या चकत्या २३५ मिलिमीटर व्यासाच्या होत्या. १९९४ मध्ये १८०० सीसीचं इंजिन आलं तेव्हा कंपनीने त्या २५५ च्या केल्या. जुन्या गाड्यांचे मालक भंगारातल्या नव्या गाड्यांवरून हा संच उचलून आणतात. वीस मिलिमीटरने काय होणार, असं वाटतं खरं, पण तितकं जास्त लोखंड म्हणजे तितकी उष्णता साठवायला जागा.

सत्र संपताना शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारायची, म्हणजे वारा चकत्यांना गार करतो. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा. तापलेला पॅड तापलेल्या चकतीवर दाबून ठेवला, तर त्याचा थर तेवढ्याच जागी चिकटतो आणि पुढच्या वेळी पॅडल थरथरतं.

इंजिनाची कथा मला त्याहून चमत्कारिक वाटते. मियाटाचं इंजिन माझ्दाच्या कुटुंबवत्सल ३२३ मोटारीच्या घराण्यातलं. ३२३ मध्ये ते आडवं बसायचं आणि थंड करणारं पाणी हेडच्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, म्हणजे वाटेत चारही सिलिंडरना भेटून जायचं. मियाटात तेच इंजिन उभं बसवलं. बाहेर पडायचं तोंड आता मागे, प्रवासी केबिनच्या भिंतीला टेकलेलं. तिथे थर्मोस्टॅट आणि जाड नळी बसवायला अडचण. म्हणून ते तोंड पुढे आणलं. पाणी पुढून शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं. रस्त्यावर कोणालाच काही जाणवत नाही. ट्रॅकवर मात्र मागचा चौथा सिलिंडर इतरांहून जास्त तापतो, कारण पाण्याची मुख्य धार त्याच्यापर्यंत पुरेशी जातच नाही. हौशी लोकांनी हे शोधून काढलं आणि उपाय म्हणून थर्मोस्टॅट परत मागे नेऊन बसवला. या कामाचे तयार संचही आता मिळतात. कारखान्याने जागेच्या अडचणीपायी केलेली एक तडजोड, तीही लाखो लोकांना कधीच न टोचलेली, शनिवार-रविवारच्या मेकॅनिकांनी मोडून काढली, याचं मला कौतुक वाटतं.

मग एखाद्याला टर्बो बसवायची हुक्की येते. हौस समजते, पण हिशेब डोळ्यांसमोर असू द्यावा. सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर गतिज ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. म्हणजे इंजिनात घातलेल्या प्रत्येक घोड्याचं बिल ब्रेक, रेडिएटर, क्लच आणि टायर मिळून भरतात. जुने ट्रॅकवाले नवख्यांना सांगतात की आधी एक वर्ष आहे त्याच शक्तीत चालव. मला हा सल्ला पटतो, जरी देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाडीत टर्बो असला तरी.

आता टायर. चार टायर जमिनीला टेकतात त्या प्रत्येक जागेचं क्षेत्रफळ किती? गाडीचं वजन भागिले चार, भागिले टायरमधला दाब. ढोबळमानाने १३० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढं. वेग, ब्रेक, वळण, सगळं या चार तळहातांवर. वळणात गाडी किती वेगाने टिकेल याचं शाळेतलं सूत्र पाहिलं, तर त्यात घर्षणांक, गुरुत्व आणि वळणाची त्रिज्या एवढंच येतं. वस्तुमान कटून जातं! सूत्राप्रमाणे हलकी मियाटा आणि भरलेला ट्रक एकाच वेगाने वळायला हवेत.

ते वळत नाहीत, कारण रबर शाळेत गेलेलं नाही. टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमी पडते. या एका किंचितशा कमतरतेवर गाडी वळवण्याचं सगळं शास्त्र उभं आहे. जोरात वळताना मियाटाच्या आतल्या दोन चाकांवरून सुमारे साडेतीनशे किलो भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजा, एका आसावरच्या दोन चाकांवर सुरुवातीला प्रत्येकी २६० किलो होते. आता बाहेरच्यावर ४३५ आणि आतल्यावर ८५. बाहेरच्या टायरने भाराच्या प्रमाणात पकड द्यायला हवी होती, पण ती देताना तो वीसेक किलोंनी कमी पडला. आतल्याने आपल्या वाट्याहून पाचेक किलो जास्त दिली. बेरीज घटली. म्हणून गाडी हलकी आणि जमिनीलगत असणं हीच मोठी श्रीमंती.

याच कमतरतेचा उपयोगही करता येतो. गाडीखाली डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी असते, वळणात गाडी फार कलू नये म्हणून. पुढची दांडी जाड केली की भाराचं सरकणं पुढच्या आसावर जास्त होतं, पुढची पकड घटते आणि गाडी वळणात बाहेर ओढते. मागची जाड केली की उलट. मागचा भाग सुटायला लागतो. म्हणजे दांडीची जाडी दोन-तीन मिलिमीटरने बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो. पॅडॉकमध्ये पाना घेऊन गाडीखाली आडवे पडलेले लोक हेच करत असतात.

हवेचा दाबही तसाच. टायर तापला की आतली हवा फुगते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. म्हणून सकाळी मुद्दाम कमी हवा भरायची आणि सत्रातून आल्याआल्या, टायर गरम असतानाच, मोजून जास्तीची सोडायची. शौकीन लोक सुईच्या तापमापकाने टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्टीचं तापमान घेतात. मधली पट्टी जास्त तापली तर हवा जास्त. बाहेरची जास्त तापली तर चाकाचा कल कमी. मग चाकं वरून आतल्या बाजूला दोन-तीन अंश झुकवायची. मियाटात त्यासाठी कारखान्यातूनच फिरणारे बोल्ट दिलेले आहेत, नुसता पाना आणि अलाइनमेंटचं यंत्र हवं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. उघड्या टपाच्या गाडीला डोक्यामागे पोलादी कमान हवीच. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरतात. हेल्मेट तिच्या खाली दोन इंच राहिलं पाहिजे. उंच माणसांची इथे पंचाईत होते आणि सीटचा फोम कापावा लागतो. हेल्मेट मोटारशर्यतीच्या ‘स्नेल एसए’ मानकाचं लागतं, कारण त्याच्या अस्तराची आगीपुढची चाचणी झालेली असते; मोटरसायकलच्या मानकात ती नसते. ट्रॅकवर जाण्याआधी स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, खणातलं सुटं सामान, सगळं बाहेर काढायचं. वळणात पॅडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटली फार महागात पडते.

लगूना सेकाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिथले डेसिबल. आजूबाजूला वस्ती असल्याने बऱ्याच दिवशी ९० डेसिबलची मर्यादा असते, ट्रॅकच्या कडेला माइक लावून माणूस बसलेला असतो, आणि गाडी ओरडली की काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. जगभर लोक सायलेन्सर काढतात, इथे मात्र म्हणूनच जादा सायलेन्सर घालतात, किंवा धुराड्याचं तोंड माइकच्या विरुद्ध दिशेला वळवून घेतात. या ट्रॅकवरचं ‘कॉर्कस्क्रू’ हे वळण जगप्रसिद्ध: १३७ मीटरच्या आत रस्ता १८ मीटर खाली कोसळतो, डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळत. वर पोहोचेपर्यंत पुढचा रस्ता दिसतच नाही; पलीकडच्या झाडावर नजर धरून गाडी सोडायची. १९९६ मध्ये शर्यतपटू अ‍ॅलेक्स झानार्डीने शर्यतीच्या शेवटच्या फेरीत इथेच ब्रायन हर्टाला मागे टाकलं, तेही अर्ध्याहून जास्त ट्रॅकबाहेर जाऊन. हौशी चालकाने तसं करायचं नसतं.

घरी आल्यावर खरी देखभाल सुरू होते. चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे, कारण तापून-गार होऊन ते सैल होतात. पुढचे व्हील बेअरिंग हाताने हलवून पाहायचे. पॅडची जाडी मोजायची. चकतीवर केसासारख्या भेगा दिसतात का ते पाहायचं. काही ट्रॅक डे झाले की इंजिन ऑईल बदलायचं आणि टाकून द्यायच्या आधी त्यातलं थोडं एका छोट्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे तेलातले धातू दशलक्षांश भागांत मोजतात. लोखंड वाढलं तर सिलिंडरच्या भिंतींवर संशय, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टनवर, शिसं आणि तांबं वाढलं तर क्रँकच्या बेअरिंगवर. सिलिकॉन दिसलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरते आहे; सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट कुठूनतरी तेलात मिसळतं आहे. इंजिन न उघडता, एक नटही न हलवता, आत कोणता भाग झिजतो आहे ते कळतं. एकट्या अहवालावरून निष्कर्ष काढत नाहीत. दर वेळचे आकडे वहीत एकाखाली एक लिहितात आणि चढ दिसला की मगच हालचाल करतात. शिशाचा आकडा सलग तीनदा चढला, तर मालक हिवाळ्याची वाट पाहतो, भंगारवाल्याला फोन करून दुसरं १६०० सीसीचं इंजिन ठेवून द्यायला सांगतो, आणि मार्चच्या ट्रॅक डेचे पैसे त्याच दिवशी भरून टाकतो.